देवाचा न्याय आणि आशेची दोरी



देवावर भरवसा ठेवा, हे सांगण्यात आम्हा कीर्तनकारांचा जन्म जातो. पण भरवसा म्हणजे काय, हे विचारणारा श्रोता विरळा, आणि विचारलेच तर नीट उत्तर देणारा बुवा त्याहून विरळा. घरात दाणागोटा आहे, लेकरेबाळे धड आहेत, मृग वेळेवर बरसला, अशा दिवशी भरवसा ठेवायला काय लागते? जेवून हात धुतल्यावर उपासाचा संकल्प सोडावा तसे ते. खरा प्रश्न निराळा आहे. ज्या हाताने तडाखा दिला असे वाटते, तोच हात धरून राहायचे कसे? देव न्यायी म्हणावा तर शिक्षेचे भय पोटात उठते. दयाळू म्हणावा तर डोळ्यांपुढे राख दिसते. दोन्ही एकदम म्हणायला जीभ रेटत नाही.

हा प्रश्न आम्ही आज ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रात जाऊन पाहणार आहोत. कोणी म्हणेल, बुवा, आपल्या घरी काय कमी आहे? कमी काहीच नाही. पण काही वेळा आपल्या अंगणातली विहीर किती खोल आहे हे शेजारच्या विहिरीत वाकून पाहिल्यावर कळते. आणि हे शास्त्र मराठीला काल-परवा आले असेही नाही. थॉमस स्टीफन्स नावाच्या पाद्र्याने ते सगळे पुराण आपल्या ओवीत बांधले, आणि ते क्रिस्तपुराण गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापून निघाले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावी बसून इब्रानी आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल मराठीत उतरविले. शास्त्र्याच्या घरची मुलगी ती. १९२२ साली वारली, पण काम अर्धे टाकून गेली नाही. तेव्हा मराठी माणसाने हे वाचले तर त्यात परकेपण मानण्याचे कारण नाही.

त्या शास्त्राचा पहिला भाग मुळात यहुदी लोकांचा. ख्रिस्ती त्याला जुना करार म्हणतात. त्यात यिर्मया नावाच्या संदेष्ट्याचा ग्रंथ आहे. हा यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावचा, याजकांच्या म्हणजे भटजींच्या कुळातला. देवाने बोलाविले तेव्हा, मला बोलता येत नाही, मी पोर आहे, असे म्हणून त्याने अंग चोरून पाहिले. ते चालले नाही. लग्न करायचे नाही अशीही त्याला आज्ञा झाली. चाळीसएक वर्षे त्याने एकच गोष्ट सांगितली : हे नगर पडणार, बाबेलचा राजा येणार, आणि त्याला आणणारा देवच आहे. आता बघा, स्वतःच्या गावाबद्दल, स्वतःच्या देवळाबद्दल असे बोलणाऱ्याला लोक काय म्हणणार? फितूर म्हणाले. अनाथोथच्या भाऊबंदांनी तर त्याला ठार मारायचा कट केला. हे गाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे काम पुढे आहे.

देवाने नगर का पाडावे? ग्रंथात कारणे दिलेली आहेत, आणि ती मोघम नाहीत. लोक देवळाच्या दारात उभे राहून देवळाचे नाव तीन-तीनदा घेत, आणि इतके केले की आपण सुखरूप असे मानीत. आणि बाहेर परदेशी, पोरके व विधवा यांना नाडीत. आम्ही हे वाचले तेव्हा क्षणभर पोथी मिटून बसलो. देऊळ आहे म्हणजे आपले काही वाकडे होणार नाही, हा समज काही यरुशलेमातच जन्मला असे नाही. दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. वेढा पडल्यावर राजा सिदकीया आणि तिथले थोर लोक यांनी देवाला साक्ष ठेवून आपले इब्री दास-दासी मोकळे केले. मग मिसरची फौज येते असे कळून शत्रूने वेढा जरा उठविला. संकट टळलेसे वाटताच या थोरांनी सोडलेली माणसे परत धरून आणून पुन्हा दास केली! नवस बोलून फेडायच्या वेळी देवाला ओळख न देणारे आपणही पाहिले आहेत. पण इथे नवसात नारळ नव्हता, जिवंत माणसे होती.

इब्रानी भाषेत न्यायाला मिश्पात असा शब्द आहे. त्याचा अर्थ नुसती शिक्षा असा नाही. विधवेला तिचे मिळवून देणे, वाकडे झालेले सरळ करणे, हे सगळे त्या एका शब्दात येते. आम्हाला पाठशाळेत शास्त्रीबुवा न्याय शब्दाची फोड सांगत की, ज्याच्या योगाने नेले जाते तो न्याय. म्हणजे तो कोठे तरी पोचवितो. मिश्पात असाच पोचविणारा आहे. धरलेल्या दासीच्या बाजूने पाहिले तर देवाचा न्याय येतो आहे ही भीतीची बातमी नाही, हीच तिची आशा आहे. न्यायाचे भय कोणाला वाटते आणि त्याची वाट कोण पाहतो, यावरून माणूस कोणत्या बाजूला उभा आहे ते उमगते.

याच काळात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहिला. यिर्मया देवाच्या आज्ञेने मानेवर लाकडी जू घेऊन हिंडत होता. बाबेलचे जू सोसावे लागेल अशी ती खूण. हनन्याने भर देवळात ते जू मोडून टाकले आणि जाहीर केले की दोन वर्षांत सगळे ठीक होईल, लुटून नेलेली देवाची भांडीसुद्धा परत येतील. लोकांना काय हवे असते? हेच हवे असते. गंमत अशी की यिर्मयाने आधी त्याला आमेन म्हटले. तू म्हणतोस तसेच होवो, अशा अर्थाने. ते त्याने उपरोधाने म्हटले असेल असे पुष्कळांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. नगर वाचावे असे त्याच्याइतके कोणाला वाटत नव्हते. पण हवेसे वाटणे निराळे आणि देवाने सांगितलेले निराळे, हे त्याला माहीत होते. हनन्या त्याच वर्षी मेला. बाबेलास धरून नेलेल्यांना यिर्मयाने पत्र पाठविले त्यात दोन वर्षे नव्हती, सत्तर होती. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात नेले आहे त्या शत्रूच्या नगराचेही भले मागा, असा त्याचा मजकूर. सत्तर वर्षे म्हणजे पत्र वाचणाऱ्या बहुतेकांनी परत यायचे नाही. तरी त्याला ते आशेचे पत्र म्हणतात.

राजा यहोयाकीम याच्या वेळची एक हकीकत आम्ही कीर्तनातही सांगतो. यिर्मयाने सांगितले आणि बारूख नावाच्या लेखकाने लिहिले, अशी एक गुंडाळी राजापुढे वाचली गेली. थंडीचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखणी तासण्याच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. सबंध गुंडाळी जाळली. जाळू नका म्हणणारे तिघे होते, त्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या हा एक. यिर्मयाने तेच सगळे पुन्हा सांगितले आणि बारूखाने दुसरी गुंडाळी लिहिली. त्यात भरच पडली. आता पुढचे ऐका. १९८२ साली यरुशलेमच्या जुन्या दावीदनगरात उत्खनन चालले असता मातीच्या मुद्रांचा साठा सापडला. दस्तऐवजाला दोरी बांधून तिच्यावर ओली माती लावून शिक्का उठवीत, त्या या मुद्रा. त्यांतल्या एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या असे नाव आहे. दस्तऐवज जळून गेले. पण ज्या आगीत नगर जळाले त्याच आगीत ती कच्ची माती भाजून पक्की झाली आणि अडीच हजार वर्षे टिकली. या गोष्टीवर आम्ही काही निरूपण करीत नाही. आहे तशी सांगितली.

आता शेताची गोष्ट. साल इ.स.पूर्व ५८७ च्या सुमाराचे. बाबेलच्या नबुखद्रेस्सराचा वेढा यरुशलेमला आवळलेला, तटाला मातीचे चढ लागलेले, आत दुष्काळ आणि साथ. यिर्मया राजवाड्याच्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत. का? नगर पडणार म्हणाला म्हणून. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे आला आणि म्हणाला, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे; भाऊबंद म्हणून घेण्याचा पहिला हक्क तुझा. वाचकांत शेतकरी पुष्कळ आहेत, त्यांनीच सांगावे : वेढ्याबाहेरच्या, शत्रूच्या छावणीखालच्या जमिनीला कोण गिऱ्हाईक? उद्या सातबारा कोणाच्या नावावर राहणार, हेच ठाऊक नाही. आणि विकत घेणारा बंदीत. त्यात ते गाव असे की जिथल्या लोकांनी याचा जीव घ्यायचा घाट घातला होता.

यिर्मयाने शेत घेतले. १७ शेकेल चांदी ताजव्यात तोलून दिली. शेकेल म्हणजे आपल्या तोळ्याच्या जवळपास वजन. खरेदीखत रीतसर झाले. साक्षीदारांनी सह्या केल्या. एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही बारूखाच्या हाती देऊन सर्वांसमक्ष सांगितले की, मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील. आम्हाला या वर्णनातला कोरडेपणा फार आवडतो. मोठ्या भक्तिभावाचे शब्द नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. वजन, काटा, साक्षी, सह्या, मडके. तलाठ्याच्या दप्तरात शोभेल असा मजकूर.

आणि मडके बंद झाल्यावर त्याने प्रार्थना केली. ती वाचून पाहा. देवाची थोरवी सांगून सांगून शेवटी तो म्हणतो ते असे की, देवा, तटाचे चढ तुला दिसतात, नगर शत्रूच्या हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला म्हणतोस पैसे मोजून शेत घे! म्हणजे शंका होतीच. पण त्याने पैसे आधी मोजले आणि शंका नंतर विचारली. आपण उलट करतो. शंका फिटली की मग चांदी तोलू म्हणतो, आणि शंका जन्मभर फिटत नाही. इब्रानीत श्रद्धेला एमुनाह म्हणतात. आमेन शब्द त्याच धातूचा. पक्के असणे, ढळू न देणे, हा त्या धातूचा अर्थ. आपल्याकडे श्रत् म्हणजे सत्य, ते जिथे ठेवले जाते ती श्रद्धा, अशी फोड आहे. दोन्हींत मनाला काय वाटते यापेक्षा आपण काय कोठे ठेवले याला किंमत आहे. यिर्मयाने १७ शेकेल तिथे ठेवले.

इथे आपल्या शास्त्राचा जाणता वाचक अडेल, आणि त्याने अडावेच. आशा ही पाश आहे, ती तोडल्यावाचून सुख नाही, असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले. मग आशेचे एवढे कौतुक कशाला? आम्हीही या ठिकाणी बरेच दिवस घोटाळत होतो. इब्रानी कोशाने वाट दाखविली. त्या भाषेत आशेला तिक्वाह म्हणतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी असा आहे. यरीहो नगरातल्या राहाब नावाच्या बाईने खिडकीला किरमिजी दोरी बांधली आणि तिचे घर वाचले, त्या कथेत त्या दोरीला हाच शब्द आला आहे. पाहा कसे जुळले : आपल्याकडे आशा पाश, तिकडे आशा दोरी. वस्तू एकच. गळ्यात पडली तर फास, हातात धरली तर विहिरीतून वर यायचे साधन. फरक कशाने पडतो? फळ मला मिळावे म्हणून जी आशा, ती आपल्या शास्त्राने फास म्हटली. यिर्मयाच्या आशेत तसा फास घालायला जागाच नव्हती. त्याने त्या शेतात नांगर घातला नाही. नगर पडल्यावर उरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशी ओढून नेले. पुढे त्याचे काय झाले ते ग्रंथ सांगत नाही. स्वतःला एक कणीस न मिळणाऱ्या शेताची त्याने पूर्ण किंमत मोजली. याला आशापाश म्हणायला आमचे मन घेत नाही. निष्काम शब्दाचा अर्थ आम्ही पुष्कळ टीकांत वाचला आहे. पण १७ शेकेलांनी तो जितका कळला तितका टीकांनी कळला नव्हता.

दोरीवरून आणखी एक आठवले. राजाच्या सरदारांनी यिर्मयाला एका हौदात सोडले. पाणी नव्हते, नुसता चिखल, तो त्यात रुतला. एबद-मेलेख नावाचा कूश देशाचा एक राजसेवक, म्हणजे परका माणूस, राजाची परवानगी काढून तीस जणांना घेऊन आला. त्याने आधी जुनेरी चिंध्या खाली सोडल्या आणि सांगितले की, या काखेत घाल आणि मग दोर लाव. दोराने काख सोलू नये म्हणून! एवढ्या घाईत त्याला ते सुचले. देवाने वाचविले असे आपण म्हणतो. पण चिंध्या शोधायला कोणी तरी कोठीत गेलेले असते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. २०२० साली महामारीत आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या गाडीने पंढरीस गेल्या. त्या काळात देवाचा कोप झाला, हे पापाचे फळ आहे, असे बोलणारे पुष्कळ निघाले. निर्बंध उठल्यावर आम्ही एका घरी भेटीला गेलो. कर्ता मुलगा गेला होता. म्हातारी म्हणाली, “महाराज, सगळे म्हणतात प्रारब्ध. माझ्या पोरानं काय केलं होतं?” आम्ही उत्तर दिले नाही. जवळ बसून राहिलो. उत्तर पाठ नव्हते असे नाही. पण त्या घरात ते बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न होता.

लूकच्या शुभवर्तमानात येशूला हाच प्रश्न विचारणारे भेटतात. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे चेंगरून मेली होती. येशूने विचारले की, यरुशलेमातल्या इतरांपेक्षा ती अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय? आणि स्वतःच म्हणाला, नाही. पण तिथेच थांबला नाही. तुम्ही पालटला नाही तर तुमचाही नाश आहे, असे त्याने विचारणाऱ्यांनाच सांगितले. म्हणजे न्यायाचा शब्द त्याने मेलेल्यांवरून उचलला आणि जिवंतांच्या, तोही प्रश्न करणाऱ्यांच्या, पदरात टाकला. लगेच त्याने अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. तीन वर्षे फळ नाही, मालक म्हणतो तोडा. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. त्या वर्षाअखेर फळ आले की नाही, ते सांगितलेले नाही.

यिर्मयाचेही असेच आहे. तो न्याय बोलला तो संकटाच्या आधी, राजाच्या तोंडावर, आणि स्वतः त्याच वेढ्यात उपाशी राहून. नगर जळाल्यावर त्याने राखेत बसलेल्यांना ‘मी म्हणालो नव्हतो?’ असे विचारले नाही. परंपरेने त्याच्या नावावर घातलेले विलापगीत नावाचे छोटे पुस्तक आहे; पाच गीते, त्यांतली चार इब्रानीच्या २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेली. रडणेसुद्धा क्रमाने, अ पासून ज्ञ पर्यंत, काही सुटू नये म्हणून. तिथे देवाने मारले हे लपविलेले नाही, आमचे चुकले हेही लपविलेले नाही, आणि देवा इतके का, हेही लपविलेले नाही. तिसऱ्या गीताच्या आतल्या भागात आशेचे काही चरण येतात आणि पुन्हा अंधार. शेवट तर असा की देवाने आम्हाला कायमचे टाकले की काय, या शंकेवर पुस्तक संपते. यहुदी लोक ते वाचताना शेवटच्या चरणावर थांबत नाहीत. त्याच्या आधीचा, परत फिरविण्याची विनवणी करणारा चरण पुन्हा म्हणून मग थांबतात. पण ग्रंथातला शेवट कोणी बदलला नाही.

तक्रार करणे म्हणजे भरवसा सुटणे, असे आपल्याकडे काही जण मानतात. आमच्या मते ज्याच्यापाशी तक्रार करतो त्याचे दार आपण अजून सोडलेले नाही, एवढे तरी त्यात सिद्ध होते. येशूही यरुशलेमवर पुढे येणारा नाश पाहून रडला. तो नाश इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याच्या हातून झाला. आणि क्रुसावर त्याने देवाला, मला का टाकलेस, असे विचारले, ते एका जुन्या स्तोत्राच्या पहिल्या शब्दांनी. विचारताना हाक मात्र माझ्या देवा अशीच मारली. त्या म्हातारीचा प्रश्न याच जातीचा होता. ती विठोबाला सोडून विचारीत नव्हती.

अनाथोथचे शेवटी काय झाले, ते एवढेच कळते. कोरेश राजाने इ.स.पूर्व ५३९ मध्ये बाबेल घेतले आणि धरून आणलेल्यांना परत जायची मोकळीक दिली. परत आलेल्यांची यादी एज्राच्या ग्रंथात आहे, नहेम्याच्या ग्रंथात पुन्हा आहे. गावागावाचे आकडे आहेत. अनाथोथपुढे लिहिले आहे : माणसे १२८. ज्या गावाने यिर्मयाला मारायचे ठरविले होते त्याच गावची ही नातवंडे. त्यांच्यात हनामेलाच्या किंवा बारूखाच्या घरचे कोणी होते की काय, आणि मडके कोणी उकरले की काय, हे यादीत नाही.